रविवारचं तेल

सुमे, उद्या तुझं पुण्यानुमोदन, तू गेल्यानंतरचं. सकाळी अकराला, आपल्याच विहारात. नोकरीवाल्यांना सुट्टी असते म्हणून सगळ्यांनी रविवार धरला. रविवार म्हणजे आपला तेलाचा वार, हे माझ्या ध्यानात आलं तोवर सगळीकडं फोन गेले होते.

बौद्धाचार्य म्हणाले, "ताई, चार शब्द तुमी बोला. तुमच्याच घरात होती ती." मी व्हय म्हणून बसले. पंचवीस वर्षं अंगणवाडीत पोरांपुढं तोंड चालवतेय, मला बोलायची कसली भीती? पण काल दुपारपासून वही मांडीवर आहे आणि एक ओळ पुढं सरकंना. उद्या बोलायचं ते सुचत नाही. जे सुचतंय ते उद्या बोलायचं नाही. म्हणून ते आधी तुला लिहिते. हे कुणापुढं वाचणार नाही. तू वाच.

आता ती कशी वाचणार, असं कुणी मला विचारू नये. तू मात्र नक्की विचारलं असतंस. "मावशी, म्हणजे कसं?" दिवसातनं शंभर वेळा. डोकं उठायचं माझं.

तू आलीस ती आठवीत. म्हणजे आठवीतच जन्मलीस म्हण. आपल्या घरातले हे, म्हणजे तुझे काका, वालचंदनगरला कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. त्यांच्या जुन्या साहेबांची मुलगी नेहा मॅडम पुण्याला एका कंपनीत. त्या लोकांनी तुला बनवलेली. चौदा वर्षांची पोरगी, नाकडोळे, केस, आवाज सगळं आपल्यासारखं आणि आत यंत्र. मॅडम म्हणाल्या, "काका, हिला मोठ्या शहरात नाही ठेवायचं. साधं घर हवं, साधी शाळा. तीन वर्षं. दहावी होईपर्यंत." यांनी मला न विचारता हो म्हटलं. मी चार दिवस बोलले नाही यांच्याशी.

मी तोंडाची फटकळ, तुला माहीत आहे. पहिल्याच दिवशी तू दारात उभी राहून म्हणालीस, "नमस्कार, मी तुम्हाला आई म्हणू का?" आणि मी म्हणाले, "अजिबात न्हाय. मला एक लेक हाय. मावशी म्हण." तू मान डोलावलीस आणि म्हणालीस, "बरं मावशी." संपलं. तीन वर्षांत पुन्हा विचारलं नाहीस. एकदा विचारायचं होतंस गं. दुसऱ्यांदा मी नाही म्हणाले नसते.

तुझ्या कागदावर नाव नव्हतं, नुसता नंबर होता. सुमेधा नाव प्रज्ञानं ठेवलं. तिला बहीण पाहिजेच होती. पहिल्या आठवड्यात दोघी एका पांघरुणात झोपलात, म्हणजे ती झोपली आणि तू डोळे मिटून पडलीस, आणि सकाळी प्रज्ञा म्हणाली, "मम्मी, हिचं अंग गरम लागतंय, थंडीत बरंय." मला हसूच आलं. मी हसले ते दाखवलं नाही.

मग आला रविवार.

आपल्याकडं रविवारी पोरींच्या डोक्याला तेल. माझ्या आईनं माझ्या लावलं, मी प्रज्ञाच्या लावते. सकाळी उंबऱ्यात बसायचं, वाटीत खोबरेल कोमट करायचं, पोरीला दोन गुडघ्यांत घ्यायचं आणि चांगलं जिरेपर्यंत चोळायचं. आठवडाभराची भांडणं त्यात निघतात. प्रज्ञाचं झालं आणि तू शेजारी येऊन बसलीस, पायाची घडी घालून. मागितलं काहीच नाहीस. नुसतं वाटीकडं बघत होतीस.

मॅडमनी दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, पाण्यापासून जपावे. मी यांना हाक मारली. "अवो, हिच्या डोक्याला तेल लावलं तर चालंल का?" हे सायकलची चेन साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, "पाणी नको म्हणलंय, तेल नको कुठं म्हणलंय? चौतीस वर्षं मशिनी बघितल्यात मी. पोरगी म्हणून बघ न्हायतर मशीन म्हणून बघ, तेल दोघास्नी बी लागतंच." मला पटलं. कुणाला पटलं नसतं? मी तुला विचारलं, "चालंल का गं तुला?" तू म्हणालीस, "माहीत नाही मावशी. अजून कुणी लावलेलं नाही."

तुझे केस खरे होते, कुठल्या तरी बाईचे. चांगले दाट. मी बोटं घातली आणि तू डोळे मिटलेस. तुला तसं करायची काही गरज नव्हती, असं नेहा मॅडम परवा म्हणाल्या. झाल्यावर मी विचारलं, "कसं वाटतंय?" तू बराच वेळ विचार केलास. तुझा बराच वेळ म्हणजे दोन-तीन सेकंद. मग म्हणालीस, "पुढचा रविवार कधी आहे?"

"रविवार कधी हाय" म्हणून आम्ही तुला तीन वर्षं चिडवलं. तुलाही ते आवडायचं, मला वाटतं.

शाळेत तुझं काय वेगळं झालं, असं लोक मला विचारतात. बारामतीहून एक बाई मुलाखत घ्यायला आल्या होत्या, त्यांना वाटलं तू गणितात शंभरपैकी शंभर घेत असशील. कुठलं काय! मॅडमनी तुझं ते डोकं बांधूनच ठेवलं होतं, जेवढं वर्गात शिकवतील तेवढंच येईल असं. गणितात तुला बासष्ट पडले तेव्हा तू दारामागं उभी राहिलीस, माझ्यापुढं यायची छाती होईना. शिक्षकांनी पहिल्या महिन्यात तुला जपलं, दुसऱ्या महिन्यात विसरले, तिसऱ्या महिन्यात वर्गाबाहेर उभं केलं. कन्हेरी ते बारामती सायकलवर तू आणि प्रज्ञा, उसाच्या ट्रॉल्या चुकवत. तुला भूक नव्हती तरी डबा पाहिजेच होता. "सगळ्या डबा उघडतात तेव्हा मी काय करू?" मग मी दोन चपात्या जास्त लाटायला लागले. तुझा डबा मागच्या बाकावरच्या पोरी खायच्या, आणि घरी येऊन तू भाजीला मीठ कमी होतं असं त्यांच्या वतीनं सांगायचीस.

एकच गोष्ट तुला लागली. नववीत सगळ्या पोरी उंच झाल्या. प्रज्ञाच्या ड्रेसची शिलाई मी दोनदा उसवली, तुझ्या ड्रेसला हात लावायची वेळच आली नाही. बाईंनी तुला मागच्या बाकावरनं पुढं बसवलं. त्या दिवशी तू घरी आलीस आणि दाराच्या चौकटीवर आम्ही पेन्सिलीनं केलेल्या तुझ्या खुणा बघत उभी राहिलीस. सगळ्या एकावर एक. मी म्हणाले, "बुटक्या बायकाच जास्त दिवस टिकतात, मला बघ." किती सहज बोलून गेले मी.

आता आपलं भांडण. ते अर्धंच राहिलं ना.

प्रज्ञानं शाळा बुडवली आणि मैत्रिणींबरोबर इंदापूरला गेली, कुणाच्या तरी बहिणीच्या हळदीला. मी संध्याकाळी विचारलं, "आज काय शिकवलं?" प्रज्ञानं छान थापा मारल्या. मी तुझ्याकडं बघितलं आणि तू सगळं सांगून टाकलंस. कुणाच्या गाडीवर गेली, किती वाजता आली, तोंडाला पावडर कुठली लावली, सगळं. मी प्रज्ञाला झोडपून काढलं, तोंडानंच, पण हातानं परवडलं असतं. ती तुझ्याशी आठ दिवस बोलली नाही. पांघरूण वेगळं केलं.

मग मी तुला परसात गाठलं. म्हणाले, "सगळंच काय बोलायचं असतंय का गं? बहीण हाय ना तुझी?"

तू म्हणालीस, "पण मावशी, तुम्ही विचारलंत."

"मी विचारणारच. आई हाय मी. पर तू जरा गप बसायचं, न्हायतर कायबाय सांगायचं."

"म्हणजे खोटं?"

"थोडं."

"पण दर रविवारी विहारात आपण पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. तुम्हीच पाठ करून घेतलं माझ्याकडून."

मी ओरडले, माझी सवयच ती. "शील सांभाळ, पर माणसं बी सांभाळ! माणसात ऱ्हायचंय तुला. समोरचा दुखावणार आसंल तर दोन शब्द गिळायला शीक."

तू विचारलंस, "समोरचा दुखावणार आहे हे आधी कसं ओळखायचं?"

"ते कळतंय आपोआप. जीव लावला की कळतंय."

"मग शील मोडत नाही?"

तेवढ्यात म्हशीनं दावं तोडलं आणि मी तिच्या मागं पळाले. ते भांडण तिथंच राहिलं. नंतर तू काढलं नाहीस, मी तर मुळीच नाही. मला वाटलं, विसरलीस. तू काय विसरणार होतीस? वेडी मीच.

यंदा दिवाळीनंतर तुझी मान हळू वळायला लागली. हाक मारली तर आधी डोळे फिरायचे, मग मान. मी विचारलं, "सुमे, मान दुखतीय का?" तू म्हणालीस, "न्हाय वो मावशी. काय न्हाय." तोवर तू आमच्यासारखीच बोलायला लागली होतीस. मी म्हणाले, "अभ्यासाला वाकून बसतीस ना, अवघडली आसंल. थांब, या रविवारी मानंला जरा जास्त तेल जिरवते." आणि जिरवलं. अंगठ्यानं, मानेच्या खोबणीत, चांगलं दोन-दोन पळ्या. पाच रविवार. तू डोळे मिटून बसायचीस.

थांबते जरा.

मंगळवारी शाळेत सराव परीक्षेचा पेपर होता, इतिहासाचा. प्रज्ञा तुझ्या मागं दोन बाकं. तिनं सांगितलं, तू तिसऱ्या प्रश्नापर्यंत लिहिलंस, पेन टोपण लावून ठेवलंस आणि डोकं बाकावर टेकलंस. बाईंना वाटलं झोपली. प्रज्ञालाच तेवढं माहीत होतं की तू झोपत नाहीस. पेपर टाकून ती उठली. मला शाळेतनं फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. पळी हातातच घेऊन रिक्षात बसले.

नेहा मॅडम तुला पुण्याला घेऊन गेल्या. गुरुवारी एकट्याच परत आल्या, तुझं दप्तर घेऊन. हे रानात पाणी धरायला गेले होते, प्रज्ञा शाळेत. बरं झालं. मॅडम ओसरीवर बसल्या, चहा घेतला नाही. म्हणाल्या, "काकू, मानेतून डोक्याकडं जाणारा जो भाग असतो तो बंद पडला आणि वरचं सगळं जळालं. ती जी होती, ती आता परत येणार नाही. कंपनी दुसरी पाठवायला तयार आहे. तशीच दिसेल."

"नको," मी म्हणाले. "कशानं बंद पडला?"

त्या दप्तराचा पट्टा नीट करत राहिल्या. मी म्हणाले, "मॅडम, मला सांगायचं. मी ऐकून घेईन."

"मानेमागं बारीक फट असते, केसांच्या आत. आत तेल साचलं होतं. घट्ट झालेलं, धूळ धरलेलं. बरंच जुनं."

ओसरीवर चिमण्या तांदूळ टिपत होत्या. मी त्यांच्याकडं बघत राहिले. मग मी विचारलं, तिला कळत नव्हतं का? मॅडम म्हणाल्या, कळत होतं. पहिल्याच रविवारी आतनं सूचना आली होती, तेल धोक्याचं आहे म्हणून. त्यानंतर प्रत्येक रविवारी आली. ती सूचना बंद करायचं बटण तुझ्याच हातात होतं आणि तू ते दर रविवारी दाबलंस. रोज संध्याकाळी तुझी एक ओळीची नोंद कंपनीला जायची. तिथं ती कुणी वाचत नव्हतं. ओळीच्या शेवटी त्रास आहे का नाही, एवढंच मोजायचे. मॅडम रडायला लागल्या. "मी वाचायला हवं होतं, काकू." मग त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. चाळिशी लावून वाचलं मी.

"रविवार. आईने डोक्याला तेल लावले. त्रास नाही."

खाली पुढचा रविवार. "आईने डोक्याला तेल लावले. त्रास नाही." त्याच्या खाली तेच. मी बोटानं सरकवत गेले, तीन वर्षांचे रविवार. शेवटच्या पाचांत एवढंच वेगळं, "आईने मानेला जास्त तेल लावले. त्रास नाही."

तोंडावर तीन वर्षं मावशी म्हणालीस, आणि माझ्या पाठीमागं आई. अगं, एकदा चुकून तरी तोंडातनं निसटू द्यायचं होतं! मी रागावले असते, व्हय, रागावले असते, आणि मग आत जाऊन रडले असते आणि तुला कळलं असतं. सगळं कळायचं ना तुला?

मॅडमनी विचारलं, अहवालात नुसतं भाग झिजला असं लिहू का? मी म्हणाले, "न्हाय. तेल म्हणूनच लिवा. मोठ्या अक्षरात लिवा. दुसऱ्या कुणाच्या घरी आसली पोरगी जाईल, तिथं बी रविवार आसंल. पर एक करा. आमच्या ह्यांस्नी सांगू नका." त्यांनी मान डोलावली.

पुण्यानुमोदन करायचं म्हटल्यावर आळीत कुजबुज झालीच. शेजारचे तात्या समोरच म्हणाले, "वैनी, राग मानू नका, पर यंत्राचं कसलं पुण्यानुमोदन? उद्या माझा ट्रॅक्टर बंद पडला तर त्याचं बी करायचं का?" मी तोंड उघडणार तेवढ्यात तात्यांची नात आतनं म्हणाली, "आजोबा, तुमचा ट्रॅक्टर माझा डबा खाऊन भाजी कशी झाली ते सांगत न्हवता." तुझा डबा ती खायची, तिनं उलटंच सांगितलं, पण कुणी दुरुस्त केलं नाही. आज सकाळी खुर्च्या तात्यांच्याच ट्रॅक्टरमधनं आल्या. बौद्धाचार्यांनी नावापुढं काय सांगायचं ते विचारलं, तेव्हा मी आमचं आडनाव लावायला सांगितलं आणि म्हणाले, धाकटी मुलगी. फोटो शाळेच्या ओळखपत्रावरचा मोठा केलाय. सोमवारी काढलेला असणार. केस चपचपीत दिसतायत.

आता खरं ते सांगते, ज्याच्यासाठी वही घेऊन बसले.

आज सकाळी हे परसात नट-बोल्टाचे पाने पुसत बसले होते. स्वच्छ पाने, पुन्हा पुन्हा तेच पुसत होते. मंगळवारपासून धड जेवले नाहीत. मला म्हणाले, "बस हितं जरा." मी बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला एक सांग. मॅडम काय म्हणाल्या? त्या तेलानं तर न्हाय ना झालं?"

सुमे, चौतीस वर्षं या माणसानं यंत्रं जगवली. कारखान्यात बंद पडलेली मशीन यांच्या हातनं चालू झाली नाही असं कधी झालं नाही. तुझी सायकल यांनीच बसवली, चेनला तेल घालून. आणि तेल दोघास्नी बी लागतंच हे यांचं वाक्य. यांचा हात थांबला होता पान्यावर. मला ओळखायला काही वेळ लागला नाही. तू विचारलं होतंस ना, आधी कसं ओळखायचं?

"न्हाय वो," मी म्हणाले. "तेलाचा काय संबंध? आतली बॅटरी का काय गेली म्हणाल्या."

यांनी माझ्याकडं बघितलं. "खरं?"

"खरं. तेलानं उलट तिला बरं वाटायचं, म्हणाल्या."

हे रडले मग. मंगळवारपासून पहिल्यांदा. नंतर उठले, तोंड धुतलं आणि म्हणाले, भाकरी आसंल तर वाढ.

उद्या विहारात सगळे हात जोडून पंचशील म्हणतील. चौथ्या शीलाला मीही तोंड उघडीन, माझ्या शेजारी हे असतील. तुझा फोटो समोर असेल. बघून घे मला. मानेचं विचारलं तेव्हा तू माझ्यासाठी दोन शब्द गिळलेस, आज मी यांच्यासाठी. परसातलं ते भांडण तू जिंकलीस का मी, मला अजून कळलेलं नाही.

प्रज्ञा मघापासून वाटी घेऊन उंबऱ्यात बसलीय. मी म्हणाले, "अगं, आज शनिवार हाय." ती म्हणाली, "उद्या वेळ मिळणार न्हाय, मम्मी. आजच लाव." उठते आता. मानेला किती लावू ते तिला विचारीन, आणि ती जे म्हणेल त्यावर या वेळी विश्वास ठेवणार नाही. तिचं तोंड माझ्याकडं वळवीन आणि नीट बघीन.

तुझी,
आई